स्लीव्ह की बायपास : एका गाणाऱ्या बाईचा निर्णय

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायची, हे माझं उन्हाळ्यातच ठरलं होतं. पण जठर कापून त्याची नळी करणारी स्लीव्ह की अन्नाची वाट वळवणारी बायपास, हे ठरायला मात्र दिवाळी उजाडली. मधल्या काळात सगळ्यांनी मला एकच विचारलं, "कशात जास्त किलो उतरतात?" नातेवाइकांनी विचारलं, क्लासला मुलींना सोडायला येणाऱ्या आयांनी विचारलं, दोन डॉक्टर मैत्रिणींनीसुद्धा विचारलं. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आपल्या शरीरात आज काय बिघडलंय, कोणती शस्त्रक्रिया ते सावरते आणि कोणती ते आणखी बिघडवू शकते, हे आधी बघायचं. मी त्या वाटेने गेले. त्या वाटेवर उभ्या असलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

माझं वय ४७. कोथरूडला मयूर कॉलनीजवळ मी शास्त्रीय गाण्याचे वर्ग घेते. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ९८ किलो, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३९.८. मधुमेह आहे, दोन गोळ्या चालू असूनही एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४. दोन्ही गुडघे झिजलेत. मांडी घालून, तानपुरा मांडीवर घेऊन शिकवणं कधीच सुटलं, आता खुर्चीवर बसून शिकवते. सवाई गंधर्व महोत्सवालाही भारतीय बैठक सोडून खुर्चीचं तिकीट काढते. आणि पित्त. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. पहाटे खर्ज लावायला बसलं की आवाज उघडतच नाही, नुसती खरखर. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघून पडद्यावर मला दाखवलं, स्वरयंत्राचा मागचा भाग लाल आणि सुजलेला. जठरातलं आम्ल वर येऊन गळा भाजत होतं. मधुमेहाचा आकडा बघून मला इतकी भीती वाटली नव्हती जितकी त्या लाल डागाची वाटली.

पहिल्यांदा ज्या ठिकाणी सल्ला घ्यायला गेले, तिथे वजन-उंची लिहून घेतली, साखरेचा रिपोर्ट चाळला आणि स्लीव्हचं कोटेशन हातात दिलं. पित्ताबद्दल मी सांगितलं तेव्हा "वजन उतरलं की तेही जाईल" एवढंच उत्तर आलं. एंडोस्कोपीचं नावही निघालं नाही. मी ते कोटेशन घरी आणलं आणि दुसरं मत घ्यायचं ठरवलं. तुम्हीही घ्या. पोटातला अवयव कापायचा निर्णय एका भेटीत होऊ नये.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी करायला लावली. त्यात तीन गोष्टी निघाल्या. जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून थोडा वर सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने झालेल्या जखमा, ग्रेड बी. आणि जठरात एच. पायलोरी नावाचे जंतू. जंतूंसाठी चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. उरलेल्या दोन गोष्टींनी पुढचा सगळा विचार बदलून टाकला.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते मला जसं कळलं तसं सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण हिस्सा कापून बाहेर काढतात आणि अन्ननलिकेपासून खाली एक अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. काढलेल्या भागात भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. शस्त्रक्रिया त्यामानाने सुटसुटीत, वेळ कमी, खर्च कमी, पुढे जीवनसत्त्वांची कमतरताही कमी. आज जगात सगळ्यात जास्त केली जाते ती हीच. मुळात ही ड्युओडेनल स्विच नावाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. खूप वजनदार रुग्णांना एका दमात सगळं झेपायचं नाही म्हणून आधी एवढंच करायचे. मग लक्षात आलं की पुष्कळांना एवढंच पुरतं.

पण नळी अरुंद असल्यामुळे तिच्यात दाब वाढतो, आणि दाब वाढला की आतलं आम्ल वरची वाट धरतं. ज्यांना आधी पित्त नव्हतं अशांनाही स्लीव्हनंतर ते सुरू होऊ शकतं. माझ्यासारखीला, जिच्या अन्ननलिकेवर आधीच जखमा आहेत आणि पडदा सैल आहे, तिला काय होईल?

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलिटरची छोटी पिशवी करतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न त्यात जात नाही. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर आणून या पिशवीला जोडतात आणि जठर-यकृताकडून येणारा पाचकरसांचा फाटा पुढे, साधारण एक मीटर किंवा थोडं जास्त खाली, त्याला मिळवतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी होते. छोट्या पिशवीत आम्ल तयार करणाऱ्या पेशी अगदी थोड्या, आणि पित्तरस पार खाली मिसळतो. म्हणून वर चढायला फारसं काही उरत नाही. या शस्त्रक्रियेचं मूळ १९६६ सालचं, आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांचं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, या निरीक्षणातून ती सुचली.

फिनलंडमधल्या एका अभ्यासाने माझं मन पक्कं केलं. २४० रुग्णांची, कुणाच्या मर्जीने नव्हे तर सोडत काढल्यासारखी, दोन गटांत वाटणी केली. निम्म्यांना स्लीव्ह, निम्म्यांना बायपास. दहा वर्षांनी तपासलं तर जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४३.५ टक्के उतरलेलं होतं आणि बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के. फरक आहे, पण त्यासाठी झोप उडावी असा नाही. अन्ननलिकेच्या सुजेचे आकडे मात्र स्लीव्हमध्ये ३१ टक्के आणि बायपासमध्ये ७ टक्के. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. किलोंच्या प्रश्नाला मी शेवटचं स्थान का देते, ते या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं.

इथवर सगळं सरळ वाटेल. अडलं ते गुडघ्यांपाशी.

गुडघ्यांसाठी मी आठवड्यातून चार-पाच वेळा दुखणं कमी करणारी अ‍ॅसिक्लोफिनॅकची गोळी घेते. कार्यक्रम असेल त्या दिवशी दोन. बायपासनंतर ही आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची कुठलीच गोळी घ्यायची नाही, कारण पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय त्या सांध्यावर अल्सर होऊ शकतो, तो फुटूही शकतो. तंबाखू-सिगारेटने तेच होतं. स्लीव्हनंतर या बाबतीत थोडी मोकळीक असते. म्हणजे गळा म्हणतो बायपास, गुडघे म्हणतात स्लीव्ह. या पेचात मी बरेच दिवस होते आणि कुणाशी बोलावं तेच कळेना, कारण पोटाचे डॉक्टर पोटाबद्दल बोलतात आणि हाडांचे हाडांबद्दल.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे मुद्दाम हाच एक विषय घेऊन गेले. दुखायला लागलं तर पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि गरज पडल्यास गुडघ्यात इंजेक्शन, एवढ्यावर भागवायचं, असं ते म्हणाले. पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर नस बधिर करून वेदना आवरता येतात. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने मला धीर आला. शरीराचं वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वीस किलो उतरले तर हिशेब तुम्हीच करा. गोळीला पर्याय निघत होते. गळ्याला पर्याय नव्हता. त्या संध्याकाळी कर्वे पुतळ्यापासून घरी चालत येताना माझं निम्मं ठरलं होतं.

उरलेलं निम्मं लोहाचं आणि प्रथिनांचं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. माझं हिमोग्लोबिन १०.२. पाळी जायच्या वयात अंगावरून खूप जातं, त्याची ही कमाई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे भरून काढल्याशिवाय टेबलावर घेणार नाही. म्हणून सध्या सलाईनमधून लोह घेते आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचारही सुरू केले आहेत. शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व, बी-१२ आणि मल्टिव्हिटॅमिन जन्मभर घ्यायची, दरवर्षी रक्त तपासायचं. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. बायांनो, इथे स्वतःशी खरं बोला. ज्यांना ब्लडप्रेशरची एक गोळी रोज आठवत नाही, त्यांनी बायपास करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आमच्या घरात अंडंही शिजत नाही. नंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि पोट असणार एवढंसं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, वाटीभर वरणात सहा-सात. आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाचा क्रमच उलटा करून दिला. आधी पनीर, सोया, मुगाचं धिरडं, घट्ट चक्का, मग भाजी आणि जागा उरली तर दोन घास भाकरी. शिवाय व्हे प्रोटीनची पावडर. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. आणि उपास बंद. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खायची म्हणजे नुसता स्टार्च आणि तूप. सासूबाईंना हे कसं सांगावं याचं मला मोठं दडपण होतं. त्यांनीच विषय संपवला. म्हणाल्या, "माझ्या एकादशीत तुझी धरते मी. तू पनीर खा." मी त्यांच्या पायाच पडले.

मिनी बायपासचाही विचार केला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी ती केली आहे आणि त्यांचा मधुमेह छान आटोक्यात आला आहे. १९९७ साली अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी ती सुरू केली आणि आपल्याकडे ती बरीच केली जाते. तिच्यात दोन सांध्यांऐवजी एकच सांधा असतो, वेळ कमी लागतो, वजन उत्तम उतरतं. पण पित्तरस त्या सांध्यावरूनच पुढे जातो, त्यामुळे तो पिशवीत आणि क्वचित अन्ननलिकेत चढण्याची शक्यता राहते. शिवाय फ्रान्समध्ये मिनी आणि नेहमीची बायपास यांची तुलना झाली, २०१९ मध्ये छापून आली. मिनीत २०० सेंटीमीटर आतडं वगळलं होतं. वजन सारखंच उतरलं, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मिनीत जास्त निघाल्या. शाकाहारी, हिमोग्लोबिन कमी आणि गळा नाजूक, अशा बाईला ती नको, हे माझं मत. त्या काकांसाठी ती योग्यच होती. जठराभोवती बसवायच्या बँडबद्दल मी विचारलंसुद्धा नाही, तो आता जवळजवळ वापरातून गेला आहे.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही, कारण हल्ली जो तो तेच सुचवतो. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोवी. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मी काही महिने आठवड्याचं इंजेक्शन घेतलं. साखर सुधारली, वजनही थोडं उतरलं. पण या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं, आणि मला ढेकर व आंबट पाणी दुप्पट झालं. पुन्हा गळाच. पुष्कळांना ती मानवतात आणि त्यांनी ती जरूर घ्यावीत. बंद केल्यावर वजन परत चढू लागतं, हेही धरून चालावं.

विम्याबद्दल थोडं, कारण ते कुणी नीट सांगत नाही. नियमानुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी हवं, आणि आधीचे साधे उपाय करून फरक पडला नाही याचे कागद हवेत. माझा बीएमआय ३९.८, म्हणून एचबीएवनसीचे जुने रिपोर्ट, आहारतज्ज्ञांच्या फायली आणि इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या सगळं कामी आलं. वैद्यकीय सल्ल्याची रेषा मात्र आपल्यासाठी याहून बरीच खाली आहे, आणि त्यामागे पुण्यातच झालेलं मोठं काम आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबी लपलेली असते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे त्या एका चित्राने सांगितलं. विम्याच्या रेषेखाली आहात म्हणून तुमचा आजार लहान ठरत नाही.

माझी नणंद नाशिकला असते. तिने स्लीव्ह केली, तिला पित्ताचा त्रास नव्हता, आजही नाही, आणि ती आनंदात आहे. तिचं म्हणणं, "आधी स्लीव्ह कर, नाही जमलं तर बायपास आहेच." नवऱ्यालाही हेच पटलेलं होतं. स्लीव्हची पुढे बायपास करता येते हे खरं आहे आणि त्याचं एक मोठं कारण पित्तच असतं. पण दुसऱ्यांदा पोट उघडणं पहिल्याइतकं सोपं नसतं, चिकटलेल्या ऊतींमधून काम करावं लागतं. आणि मधली जी वर्षं जातील त्यात माझा आवाज कुठे पोचेल? या वयात गळ्याची दोन-तीन वर्षं खराब गेली तर ती परत मिळत नाहीत. हे मी त्याला फिनलंडचे आकडे समोर ठेवून सांगितलं. तो गप्प बसला, मग दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला आणि त्याने माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

बायपासची भीती मला वाटतच नाही असं नाही. गोड पटकन पोटात गेलं तर धडधड, घाम, गळून जाणं असा त्रास काहींना होतो. श्रीखंड-पुरणपोळी यापुढे चाखण्यापुरती. आतड्याची रचना बदलल्यामुळे आत मोकळ्या खिडक्या तयार होतात, त्यांत पुढे कधीतरी, वर्षांनीही, आतडं अडकू शकतं. अशी कळ आली तर घरी ओवा खात बसायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं आणि दारातच बायपास झाल्याचं सांगायचं. हे मी लेकीला आणि नवऱ्याला तोंडपाठ करायला लावलंय. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सहा महिने गोळी घ्यायची आहे.

भूलतज्ज्ञांना मी वेगळी वेळ मागून भेटले. श्वासाची नळी दोन स्वरतंतूंच्या मधून जाते, हे कुठल्याही गाणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आणणारं वाक्य आहे. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. चालेल तितकी बारीक नळी वापरायची आणि मी गाणारी आहे हे केसपेपरवर ठळक लिहायचं, असं ठरलं. काही दिवस आवाज बसेल, बहुतेकांचा तो आपोआप सुटतो. जड उचलणं काही आठवडे बंद, म्हणजे तानपुरा कोपऱ्यात आणि मोबाइलमधला तानपुरा हातात. खर्ज कधी लावायचा हे कान-नाक-घशाचे डॉक्टर तपासून सांगतील.

सवाई झाल्यावर, डिसेंबरच्या अखेरीस करायचं ठरलंय. त्याआधीचे दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून कमी उष्मांकाचा आहार आहे, म्हणजे सवाईचे दिवस यंदा सूप आणि प्रोटीनच्या बाटलीवर. माझे वर्ग जानेवारीभर दोन ज्येष्ठ विद्यार्थिनी घेणार आहेत. मंगळवारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांशी शेवटची भेट आहे. हायटस हर्निया त्याच वेळी दुरुस्त करणार का, आतल्या खिडक्या टाके घालून बंद करणार का, आणि माझं हिमोग्लोबिन लक्षात घेऊन आतडं नेमकं किती सेंटीमीटर वगळणार, हे तीन प्रश्न नवऱ्याने वहीत लिहून ठेवलेत. उत्तरं मिळाली की इथेच लिहीन.